तिसरं पातं

१४ जून २०००
चार लाख त्रिकोण! मशीन दोनदा गळपटलं, मी एकदाही नाही.
कोइमतूरहून सीडी आली. पापनाशमकडच्या मोठ्या पंपातलं फिरतं चाक, पाच पात्यांचं, लेझरनं चाचपून घेतलेलं. एक पातं अर्धं तुटलंय, बाकीची वाळूनं झिजलेली. पंप विलायती, कंपनी केव्हाच बुडाली, ड्रॉइंग कुणाकडेच नाही. या स्कॅनवरून नवं चाक ओतायचं आणि सांबा भाताच्या लावणीआधी पाणी वरच्या शेतांत चढवायचं. नाही चढलं तर तिकडचं पीक गेलंच.
मलरनं काम माझ्याकडे दिलं. पॉलिटेक्निकात माझ्या हाताखाली ड्रॉइंग शिकली, आता माझी मालकीण. ऑफिसात चार कॉम्प्युटर, सहा माणसं, त्यांत पन्नाशी ओलांडलेला मी एकटा. "हें तुम्हीच करा सार," म्हणाली. बाकीच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. मी मुद्दाम पाहिली.

१७ जून
रमा विचारते, दिवसभर त्या पेटीसमोर बसून करतां तरी काय? सांगितलं. लेझरला जेवढं दिसलं तेवढं त्यानं ठिपक्यांत टिपलं. ठिपके जोडले की जाळी. पण कोपऱ्यात लेझर पोचत नाही, तिथे जाळीला भोकं. कुठे त्रिकोण उलटे, कुठे हवेत लटकलेले तुकडे. हे सगळं निस्तरून एकसंध अंग करायचं, थेंब गळणार नाही असं.
"म्हणजे रफू कीं! दोघां पोरांचा बाप झालांत आणि रफूला बसलांत?"
बसलो तर बसलो. माझ्या रफूचा टाका दिसत नाही.

२३ जून
भोकं सगळी बंद. उलटे त्रिकोण सुलटे. आसाजवळची एक जागा मशीननं आपोआप बुजवली तर फुगा आला, म्हणून ती हातानं, एकेक त्रिकोण.
पाती मात्र पाच तऱ्हेची. पाची बोटं सारखी नसतात म्हणतात, तसं. त्यांतलं तिसरं देखणं. कडा शाबूत, भरलेलं अंग. त्यावर बारीक खरखर होती, ती घासून गुळगुळीत केली. आता तेच घेऊन पाच वेळा फिरवून बसवायचं. नेहमीची रीत.

२८ जून
झालं. फाइल आज फाउंड्रीला गेली, लाकडी साचा कोरायला घेतील.
मलरनं सगळ्यांना बोलावून माझ्या स्क्रीनपुढे उभं केलं. चाक गरागरा फिरवून दाखवलं. "बघा, याला काम म्हणतात." पॉलिटेक्निकनं स्वेच्छानिवृत्तीचा कागद हातात ठेवला तेव्हा वाटलं होतं, संपलो. आज छाती फुगली. फुगू दे. घरी येताना राजवाड्याच्या गल्लीत उगाच मोठ्यानं गुणगुणत होतो, दोघांनी वळून पाहिलं.

५ जुलै
पंपावरचे जुने फिटर कोविंदसामी ऑफिसला आले. पासष्टीचे, वेष्टीचं धोतर गुडघ्यावर दुमडलेलं, हात लोखंडासारखे. चाक बघायचं म्हणाले. मलर बाहेर गेली होती. मी ऐटीत दाखवलं. स्क्रीनवर बोटानं पात्याची कड गिरवली आणि हसू लागले.
"राव सार, हें तर माझें पातें!"
"म्हणजे?"
"एका पुरांत हें पातें खाऊन गेलें होतें. पितळेचा रॉड वितळवून मीच भरलें, मीच ग्राइंडरनें घासलें. सोळा वर्षें झालीं. तुम्ही पांची माझींच केलींत! सबाश!"
भारी खूश होते. मी चहा मागवला. माझा मला प्यायला नाही गेला.
ती खरखर. ग्राइंडरचे ओरखडे होते ते. मीच पुसले.

६ जुलै
लेझरपुढे ठेवताना चाकाला पांढरी पूड मारतात, चमकू नये म्हणून. म्हणजे स्कॅनमध्ये पितळ दिसलंच नसतं. हे खरं. पण मी ते चाक डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, हातही लावला नव्हता, हे जास्त खरं. पंचवीस वर्षं पोरांना ओरडत आलो, वस्तू बघितल्याशिवाय रेघ मारू नका.
आज रजा काढून बसनं पापनाशमला गेलो. चाक पंपघरामागे पडलंय. तिसऱ्या पात्याची पूड पुसली, खाली पिवळं. टोकाशी इतरांपेक्षा चार मि.मी. जाड, वळणही सरळसोट. एक पातं असं असेल तर मोटर सोसते. पाचही असली तर... मोटर जळेल. ऐन लावणीत.
घरात हे कुणी वाचणार नाही. पोरं मराठी बोलतात, पण शिकली तमिळमध्ये, देवनागरी एकालाही येत नाही, रमालाही नाही. म्हणून खरं लिहितो. बसमध्ये मनात आलं, कुणाला कळलंय? कोविंदसामींना वाटतं मुद्दाम केलं. मोटर जळली तर मोटरचा दोष. झाकली मूठ सव्वा लाखाची.
तिरुवैयारूकडे वळायच्या फाट्यापर्यंत हेच घोकत होतो. लाज वाटली.

७ जुलै
सांगितलं. दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सांगितलं.
मलर फोन उचलून फाउंड्रीला थांबा म्हणाली. दोन पाती कोरून झाली होती. पलीकडचा माणूस फोनवर काय बोलला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिची ही पहिली मोठी ऑर्डर.
"सार, दुसऱ्या वर्षाला माझी शीट तुम्ही सगळ्यांसमोर फाडली होतीत. आठवतें?"
आठवत होतं.
"किती दिवस लागतील?"
"दहा."
"आठांत द्या." आणि दाराशी मी पोचल्यावर, "तुम्ही सांगितलेंत नसतें तर कुणाला कळलें नसतें, सार."
मी म्हटलं, मला कळलं होतं.

११ जुलै
तिसरं बाद. उरली तीन झिजकी आणि एक तुटकं. एकेकाचे आडवे काप काढून एकावर एक ठेवतोय. वाळूनं कुणाचं टोक खाल्लं, कुणाची पाठ. झीज धातू काढते, घालत नाही. म्हणजे ज्या जागी ज्याच्या अंगावर सर्वांत जास्त धातू शिल्लक, त्या जागी ते खरं. तुटक्याचं मूळ सगळ्यांत ताजं निघालं, तिथे वाळू पोचलीच नव्हती! ज्याला टाकाऊ म्हणून पहिल्या दिवशी पुसणार होतो.

१४ जुलै
बिंदू जुळले, पण डोळ्यांना पटेना. काप कागदावर छापून घेतले आणि घरी माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड उतरवला. वक्र रेघ काढायची लवचिक पट्टी बिंदूंवर धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपसूक बसली, कुठे दाबावी लागली नाही, कुठे उचलावी लागली नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी विलायतेत कुणीतरी अशीच पट्टी धरली असेल. तो भेटला असता तर हात मिळवला असता.
रमाला हाक मारली, "इकडे ये, बघ!" आली, पदराला हात पुसत.
"काय बघूं? रेघ आहे."
"बरोबर. रेघ आहे."
"लहान पोरासारखे हसतां आहांत," म्हणाली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. इतका आनंद पहिल्या वेळी झाला नव्हता.

१५ जुलै
आठव्या दिवशी फाइल दिली. मलरनं स्वतः तासभर तपासली. फाडली नाही.

९ ऑगस्ट
कोविंदसामींना सांगायला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुमचं पातं घेतलं नाही, म्हटलं.
त्यांचा चेहरा उतरला. "माझें चुकीचें, तर सोळा वर्षें पाणी चढवलें कोणी?"
"तुम्ही," म्हटलं, "पण पाचांना एकसारखं वागवायचं तर मूळ वळणच हवं." बसस्टॉपपर्यंत सोडायला आले मात्र.

२४ ऑगस्ट, पंपघर
चाक काल बसलं. कोविंदसामींनीच बसवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हातानं फिरवलं तर आवाज न करता फिरलं, तेव्हा माझ्याकडे न बघता "म्" म्हणाले.
तीन फेजचा करंट दुपारी येतो म्हणतात. म्हणून बसलोय कठड्यावर, लिहितोय. मलर फेऱ्या मारतेय. बांधावर वीस-पंचवीस शेतकरी. वरचा कालवा कोरडा आहे. गणित बरोबर आहे, मला ठाऊक आहे. तरी सकाळपासून तीनदा कागदावर मांडून पाहिलंय. आणि गंमत म्हणजे इतकी भीती वाटत असूनही इथून हलावंसं वाटत नाही. हे चाक माझं आहे. चाललं तरी, न चाललं तरी.
बोर्डावरचे तिन्ही दिवे लागले.
मलर थांबली. कोविंदसामींनी स्टार्टरवर हात ठेवला, मग काढून घेतला आणि मला हाक मारली.
"या राव सार. माझें खोटें ठरवलेंत. खरें तुम्हीच दाखवा."
उठतो.