माझ्या हातांनी चिकटवलेले चारशे पत्ते

चि. रॉस्को यास ओडेसा आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? राजधानीत मक्याचा पाव मिळतो का, की आमदार लोक नुसत्या कॉफीवर जगतात? माझे गुडघे बरे आहेत, जीव मात्र थाऱ्यावर नाही.

झालं असं. गुरुवारी बंदूकवाल्यांच्या मंडळाच्या हॉलात आम्ही अकरा म्हाताऱ्या मंडळाच्या प्रचाराच्या कार्डांवर मतदारांचे पत्ते चिकटवत होतो (तीस वर्षं चिकटवतेय. चित्राची बाजू खाली, म्हणजे आपण कुणाची माती करतोय ते बघावं लागत नाही). शेवटचं, चारशेवं कार्ड हातातून पडलं आणि उताणं झालं. तुझा फोटो! तोही कॉलेजातला, दाढीचा. खाली तांबडं ‘नापास’. शेजारची मेव्हिस म्हणते, “अगं बाई, तुझा नातू ना हा? बरा आलाय की!” बाकीची कार्डं तोवर टपालात गेलेली.

मी सेक्रेटरी ऑरव्हिलला धरला. “मेल्या, या पोराला मी न्हाऊ घातलंय!” तर म्हणतो, “आजी, मनाला लावून घेऊ नका. बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घ्यायच्या कायद्याला त्यानं विधानसभेत हात वर केला. आमची परीक्षा सगळ्यांना सारखीच.” (मला तो कायदा पटला. तुझ्या आत्याचा पहिला नवरा मी विसरले नाही. पण हॉलात तसं बोलले नाही. भ्याले.)

लोकांना वाटतं, मंडळ पैशानं आमदार नाचवतं. कसला पैसा! पक्षाचा उमेदवार ठरवायला आपल्या भागात मतं टाकतात जेमतेम तीन हजार माणसं, त्यातली नऊशे आमची. बाकीचे मासे धरायला जातात, आमचे पावसातही रांगेत उभे, कारण आधी प्रत्येकाला फोन गेलेला असतो. फोन करणाऱ्या आम्हीच. मागे आमदार झालेल्या एका गरीब मास्तरला आम्ही असाच घरी बसवला आणि वर केक खाल्ला. या रविवारी चर्चमध्ये माझ्या केकला कुणी शिवलं नाही.

जपून राहा. स्वेटर घाल.

तुझी आजी

ता.क. पुढच्या मंगळवारी सहाला फोन वाजेल, तो उचल. माझ्या यादीत तूही आहेस (तू जन्मलास तेव्हा झबल्याऐवजी मीच तुला मंडळाचा आजीव सभासद केलं होतं). रॉस्कोला मत देऊ नका, असं मी तुला सांगेन. मेव्हिस शेजारी बसून ऐकते. आजी म्हणू नकोस, वाद घालू नकोस. “बरं बाई” म्हण आणि ठेव.

आणखी एक. मी नाही केले तर दुसरी कुणी फोन करेल, असं तुझ्या आईला सांगितलंय. खरं म्हणजे मंडळाला ‘नाही’ म्हणायला जीभ रेटली नाही. आणि माझी यादी आजवर एकदाही हरलेली नाही, बाळा. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात माणूस हवाय. तुझ्यासाठी सांगून ठेवलंय.