मागचा बोळ

प्रिय ग्वेन,

इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नकोस. आधीची दोन पत्रं ड्रॉवरमध्येच राहिली, सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं म्हणून. आजही नाहीच.

आपल्या घराचं गिऱ्हाईक गेलं. मागचा बोळ कुणाच्या मालकीचा, एवढंच ते विचारत होतं. माझे वकील पडले लंडनचे. फोनवर दर वेळी नवा माणूस, आणि बोळाचं नाव काढलं की "कळवतो" म्हणून फोन ठेवणार. सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होऊन व्यवहार पक्का झाला नव्हता, त्यामुळे गिऱ्हाईक सहज निघून गेलं. आता तुझ्या शेजारचं बिनजिन्याचं घर कशाच्या जोरावर घेऊ?

काल खाटकाकडे ऑर्मरॉड वकीलबाई भेटल्या. म्हणाल्या, "अहो हार्गरीव्हज, त्या बोळाचा तंटा माझ्या वडिलांनीच मिटवला होता. ह्याच दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस, आणि तुम्ही लंडन गाठलंत?"

त्यांच्याकडे गेलो असतो तर म्हाताऱ्याला जिना चढवत नाही हे गावभर झालं असतं, अशी भीती होती. हल्ली मी खाली कोचावरच झोपतो.

दुसरं गिऱ्हाईक येईलसं वाटत नाही. तुझ्या शेजारचं ते घर गेलं असेल, तरी लवकर कळव.

तुझा,
बाबा