सागिन, फाटक लावा!

आदरणीय थोरले बंधू इमानाली आके,

दोन्ही हात छातीशी धरून सलाम. प्रकृती कशी आहे? घरची माणसं, गाय, ती चावरी घोडी, सगळी सुखरूप ना? सरोवरावरचा वारा पडला का? तुमच्या तोसोर गावचे जर्दाळू आता फुलांवर असतील, त्यांना गारठा न लागो. इकडे बिश्केकला सगळं ठीक. माझे गुडघे प्रत्येक पायरीशी भांडतात, आमच्या मंडळींचा, म्हणजे झूराचा, रक्तदाब तिच्यासारखाच कुणाचं ऐकत नाही, आणि गालिच्यांचं दुकान बरं चाललंय. तुमच्या घशाचं कळलं. पुढच्या महिन्यात इथल्या इस्पितळात चिरणार आणि नंतर आवाज राहील की जाईल ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत, असं तुमची सून म्हणाली. तुम्ही मात्र फोनवर म्हणालात, "गेला तर गेला. जर्दाळूंना काय हाका मारायच्यात?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. (दुकानदाराला उत्तर सुचत नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर ते बघा.) आता सुचलंय. पण ते सांगायला आधी मला मेळाव्याची हकीकत सांगायला हवी आणि ती लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

माझी नात बेगिमाय तुम्हाला आठवत असेल, काळ्याभोर वेण्यांची. ते केस आता निळे आहेत. जपानी चित्रमालिकांचं वेड. घरात संध्याकाळी दुसरं काही चालत नाही, आणि मी विरोध करून थकलो तेव्हा तिच्याशेजारी बसून पाहायला लागलो, त्यामुळे या विषयावर आता माझीही मतं आहेत. या मालिकांत माणसांचे डोळे चहाच्या वाटीएवढे आणि नाक तिळाएवढं. एकानं दुसऱ्यावर ठोसा उगारला की तो बसेपर्यंत दोघांचं बालपण, आईचं आजारपण आणि गुरुजींचा उपदेश सांगून होतो. तेवढ्या वेळात आपले घोडेस्वार सामन्यात चेंडूऐवजी असलेला बकरा हिसकावून, गोल करून, तोच बकरा शिजवून खातील. पण जेवण काय काढतात, आके! साधा वाफाळता भात. पण तो पाहून झूरा भरल्या पोटी उठली आणि पुलाव टाकला.

आणि हे सगळं कॅसेटशिवाय. महिन्याचे पैसे भरले की जगभरच्या मालिका नळाच्या पाण्यासारख्या घरात येतात, आणि नळ बंद होत नाही. एक भाग संपतो, माणूस डोळे पुसत असतो, चहाचा घोट घ्यावा म्हणत असतो, तोवर पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागतात आणि पुढचा भाग सुरू. पाहुण्याला आग्रह करणारी घरं मी पाहिली आहेत, पण घास गिळायच्या आत दुसरा कोंबणारं घर हे पहिलंच. वर सुरुवातीचं गाणं गाळायला वेगळं बटण. म्हणजे पाहुणा दारात सलाम करतोय आणि आपण म्हणायचं, ते राहू द्या, कामाचं बोला! आपली कॅसेट सभ्य होती. पाहून झाली की मागे गुंडाळून परत द्यायची, पुढच्या माणसाचा विचार करून. (जे न गुंडाळता आणून द्यायचे त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. त्यातला एक परवा निवडणुकीला उभा होता. मी त्याला मत दिलं नाही.)

तर बेगिमाय म्हणाली, "ताता, आम्हा मालिकावेड्यांच्या मेळाव्याला चला. नुसती नावं ठेवत घरी बसू नका." गेलो. क्रीडागृहात भरतो हा मेळावा, दोन रविवार. मला वाटलं होतं पोरंटोरं असतील, थोडा गोंधळ, थोडा चिवडा. आत पाऊल टाकलं आणि टोपी काढून हातात घेतली, आके. हजारो माणसं, मालिकांतल्या पात्रांचे वेश घेतलेली. शिंगवाली, पंखवाली, शेपटीवाली. एका मुलीनं चिलखत शिवलं होतं, सगळं दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचं, आपल्या गालिच्यांवर असतं तसं मेंढ्याच्या शिंगांचं नक्षीकाम, आणि टाका असा की मी जन्मभर गालिचे विकतो तरी मला जोड सापडला नाही. मी विचारलं, "किती वेळ लागला गं?" ती म्हणाली, "दोन हिवाळे, आबा." कशासाठी? तर एक दिवस घालायला. आपल्या बाजारात माझ्या पायावर पाय न देता कुणी पुढे गेलेलं मला आठवत नाही, इथे एक राक्षस माझ्यापुढून गेला तो शेपटी हातात उचलून धरून, "माफ करा आबा" म्हणत. लग्नाला पण माणसं इतकी मन लावून नटत नाहीत. लग्नात निदान जेवण तरी असतं.

पण खरं पुढेच आहे. दारात नाव सांगावं लागतं. कोल्ह्याचे कान लावलेली एक पोरगी बसली होती. मी म्हटलं, सागिन. तिनं मान वर केली. म्हणाली, "कोण सागिन?" म्हटलं, गालिचेवाला. ती म्हणाली, "ते नाही. पूर्वी कॅसेटी भाड्यानं द्यायचात का?" मी (आता कुठलं जुनं भांडण निघतंय या भीतीनं) हो म्हटलं. ती खुर्चीवर उभी राहिली आणि किंचाळली, "अरे, सागिन आलाय! फाटकवाला सागिन!"

आठवतंय ना? आमचं जुनं घर, शहराच्या कडेला. खिडक्यांवर टांगलेल्या गोधड्या. स्वयंपाकघरात एक मायक्रोफोन आणि तुम्ही. लोखंडी सारसावर बसून हरवलेल्या भावाला शोधत फिरणाऱ्या त्या जपानी पोरीची मालिका. बाकीचे लोक नाकातून रशियन बोलून कॅसेटी भरायचे, आपली तेवढी तुमच्या आवाजात, किर्गिझमध्ये होती. तुम्हाला जपानीचं अक्षर येत नव्हतं, मला चित्र पुढे-मागे करण्यापलीकडे काही येत नव्हतं. पोरीचं नाव तुमच्या जिभेवर बसेना म्हणून तुम्ही तिला मायराम केलंत. लढाई आली की रेडिओवर घोडेस्वारांच्या सामन्यांचं वर्णन करायचात तेच सुरू, "डावीकडून घे, डावीकडून! अरे लगाम सोड गाढवा!" आणि एकदा ऐन वेळी, मायराम पुलावर एकटी उभी असताना, अंगणातून झूरा ओरडली होती, "सागिन, फाटक लावा! वासरू पळालं!" अख्ख्या संसारात तिनं माझं नाव एकदाच मोठ्यानं घेतलं (आपल्याकडे बायका घेत नाहीत, वासराच्या नादात सुटलं), आणि ते नेमकं कॅसेटवर गेलं. दुसरी कोरी कॅसेट नव्हती, म्हणून राहिलं.

आके, ही पोरं तीस वर्षं वाद घालतायत की हा सागिन कोण. एक पक्ष म्हणतो, सागिन हा समुद्राखालच्या दाराचा राखणदार आहे आणि त्यानं दार उघडं टाकलं म्हणून भाऊ हरवला. दुसरा पक्ष म्हणतो, वासरू म्हणजेच तो भाऊ. विद्यापीठातल्या एका मुलीनं यावर निबंध लिहिलाय. मी वाचला. मला पटला. त्यांच्या अंगातल्या बनियनांवर ते वाक्य छापलेलं आहे, आणि झूरा आता त्यावर सह्या करते. तिच्याशी घरात बोलायची सोय राहिलेली नाही.

मग गर्दीतून मागून तुमचा आवाज आला. शपथेवर सांगतो. माझे कान कसे आहेत ते तुम्ही जाणता, मी गाडीच्या आवाजावरून वसुलीवाला ओळखायचो. मी वळलो तर तिथे एक भलामोठा लोखंडी सारस. आतला माणूस एल्दोस, हा मेळावा भरवणारा, चाळिशीला टेकलेला बाप्या, शाळेत भूगोल शिकवतो. त्याला तुमची प्रत्येक ओळ पाठ आहे. पाठ म्हणजे किती? लढाईच्या आधी तुम्ही खोकायचात ना, त्या बिनफिल्टरच्या सिगारेटींपायी? तो खोकतो. मग सभागृहात आपली जुनी कॅसेट पडद्यावर लावली, लढाई आली, तुम्ही खोकलात, आणि अख्खं सभागृह एकदम खोकलं. त्यांना तो रणशिंगासारखा आहे. मला हसू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला.

आणि भाग संपला. तुम्हाला सवयच होती, ताटावरून उठताना, प्रवासाला निघताना, तसं प्रत्येक भागाच्या शेवटी आशीर्वाद दिल्याशिवाय तुमच्यानं राहवायचं नाही. मी तेव्हा म्हणायचो, टेप वाया जातेय. पडद्यावर अक्षरं वर सरकत होती आणि तुमचा आवाज: "वाट मोकळी असू दे. घरी परतणाऱ्याला चूल पेटलेली मिळू दे. जो अजून परतला नाही त्याच्यासाठी कुणी जागं असू दे." आके, त्या सगळ्यांनी लाकडी तलवारी खाली ठेवल्या. शिंगं, शेपट्या, निळे केस, सगळ्यांनी तळवे वर धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले. ओमिन, तसंच घडो. माझे हातही आपोआप वर गेले होते, टोपी कुठे पडली ते कळलं नाही.

बाहेर आल्यावर मी एल्दोसला म्हटलं, "मास्तर, मूळ मालिकेत हे नाही, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "ठाऊक आहे, आबा. मूळ पाहिलंय. मूळ फार छान आहे. पण लहानपणी माझा बाप रशियात मजुरीला होता. आई रात्रपाळीला. घरात पुरुषाचा आवाज म्हणजे इमानाली आके. तेच म्हणायचे, आता झोपा." चोच वर करून त्यानं नाक पुसलं.

आता ती गोष्ट. शेवटचा भाग. तो एकदाच पाहिलात, मला खोलीबाहेर ठेवून, आणि उठलात. म्हणालात, "हे मी मुलांना सांगणार नाही." कोट चढवलात आणि तोसोरची बस धरलीत, ते आजपर्यंत परतला नाहीत. आता तो भाग नळातून येतो, खऱ्या नावांनी, खऱ्या शब्दांनी. सगळ्यांनी पाहिलाय. आणि सगळे म्हणतात, तो कंपनीचा शेवट. इमानाली आकेंनी सांगितलेला नाही, त्यावर आशीर्वाद नाही, म्हणजे मायराम अजून वाटेतच आहे. मोठी माणसं, आके. एकीच्या कडेवर मूल होतं.

म्हणून मला व्यासपीठावर ओढलं तेव्हा मी बोलून गेलो की येत्या रविवारी तुम्ही येणार आणि शेवटचा भाग सांगणार. जे काही ओरडणं झालं ते तुम्हाला सरोवरावर ऐकू गेलं नसेल तर कानांचंही ऑपरेशन करून घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. जर्दाळूंना हाका मारायच्या नाहीत, कबूल. पण एका क्रीडागृहभर माणसं तीस वर्षं झोपायची खोळंबली आहेत.

घशाला जपा, गरम लोणी घ्या, धाकट्या भावाचा राग धरू नका.

तुमचा,
सागिन

ता. क. मी कसलाही आग्रह करत नाही. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन जो माणूस समोर बसलाय तोच एल्दोस. गाडी त्याची आहे, मागची गादी झूरानं घातली आहे. त्याला जेवायला घाला. त्याच्यासमोर खोकू नका, रडतो.

ता. क. तिसरा. झूरा विचारते की बोलायला त्रास होत असेल तर गोष्ट सांगू नका, नुसता आशीर्वाद म्हणा. आणि मध्ये तिनं एकदा ओरडायचं आहे का? तिची तयारी आहे.

ता. क. शेवटचा. बेगिमायनं मायरामची सगळी मालिका माझ्याबरोबर पाहिली, शेवटचा भाग सोडून. तो लागला की मी उठतो. म्हणतो, फाटक लावून येतो. ती हल्ली विचारत नाही. या आके, मला शेवट माहीत नाही.