गाडीतली ओळख

खोक फो,
रविवार, ११ मे २०२५

कालसोमताई,

अस्सलामु अलैकुम. सलामाला उत्तर देणं फर्ज आहे, तेवढं तरी देशीलच.

मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण ते तुझ्या भटारखान्यात उभी असायची तेव्हाही दुखायचेच. रबराच्या झाडांना यंदा पालवी उशिरा फुटली. माझे मोठे दीर, हाजी दोला, आजारातून उठले. खोकला गेला, बिड्या गेल्या नाहीत. मी सकाळी दारातच केळ्याची भजी तळून विकते. तुझ्या हॉटेलातलं तोम-याम सार आता कोण करतं? गिऱ्हाईक विचारत असेल. त्यांना काय सांगतेस?

फोन किती वेळा केला ते तुला ठाऊक आहे. वाजतो, तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

तुझा निरोप मात्र पोचला. ‘रोकिया, तुला लग्नाला येता येणार नाही याचं फार वाईट वाटतं. तिकडूनच दुवा कर. इझ्झातीला निकाहात द्यायला, वली म्हणून, तिचे आबा झहारी उभे राहतील, काळजी नको.’ वाचून मी तवा खाली उतरवला. मला येता येणार नाही म्हणजे जणू पुरात पूल वाहून गेला, असं लिहिलंयस तू. पूल कोणी पाडला, ताई?

फेब्रुवारीत काय झालं ते तुला माहीत आहे आणि मलाही. तरी लिहून काढते, कारण तू घरी जाऊन ‘रोकिया गुडघ्यांवर इलाज करायला गावी गेली’ असं सांगितलंस, हे मला कळलंय.

आपण दोघी इझ्झातीच्या लग्नाचं कापड आणायला हाटयाईला आलो होतो. कापड तू निवडलंस, ओझं मी उचललं, नेहमीसारखं. परतीच्या गाडीत तू खुशीत होतीस. मला खिडकीची जागा दिलीस. पादांग बेसारला, सरहदीवर, सगळं सामान घेऊन उतरलो. इकडच्या खिडकीवर बाहेर पडल्याचा शिक्का, चार पावलांवर तिकडच्या खिडकीवर आत आल्याचा. तुझी रांग तिकडच्या नागरिकांची, सरसर पुढे जाणारी. माझी पाहुण्यांची. सहा वर्षं मी दर तीस दिवसांनी, मुदत संपली की, त्या रांगेत उभी राहिले. ‘कामाचा परवाना पुढच्या वर्षी नक्की काढू हं रोकिया.’ तुझं ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

त्या दिवशी खिडकीत नवा पोरगेला साहेब होता. त्याने माझा पासपोर्ट उलटापालटा केला. म्हणाला, “बाई, शिक्के मारायला पान शिल्लक नाही. पाहुण्या आहात की घरजावई?”

मागचे लोक हसले. मीही हसले. हसावं लागतं.

“हात दाखवा,” तो म्हणाला.

मी हात पुढे केले. तेलाचे डाग, सुरीचे वण, अंगठ्याचं जळकं नख. त्याने नुसते पाहिले. “हे हात पाहुणचार घेणाऱ्याचे नाहीत. उतरता कुणाकडे?”

मी घाबरले आणि खरं बोलले. “बहिणीकडे साहेब. ती बघा, शेजारच्या रांगेत.”

त्याने तुला हाक मारली. तू आलीस. तुझ्या हातात इझ्झातीच्या सोनेरी कापडाची पिशवी होती. त्याने विचारलं, “ही तुमची बहीण? तुमच्याकडे काम करते?”

आणि तू म्हणालीस, “नाही हो. गाडीतच ओळख झाली. पिशव्या उचलायला लागली बिचारी.”

ताई, हे मी समजू शकते. हॉटेल बंद झालं असतं, भाऊजींना कोर्टात खेटे घालावे लागले असते. भीतीने माणूस काहीही बोलतो. पण तू तिथेच थांबली नाहीस. पिशवी खांद्याला लावलीस आणि वळता वळता म्हणालीस, “या गाडीला असल्या बायका फार असतात साहेब. जपून राहावं लागतं.”

हे तुला कोणी विचारलं होतं? कोणीही नाही. ते तू आपल्या मनाने, वर घालून दिलंस, पावशेर भाजीवर मूठभर मिरच्या घालतात तसं.

तो साहेब माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातात फोन होता. त्यात साखरपुड्याचा फोटो होता: तू, मी आणि मधे इझ्झाती. एक बोट फिरवायचा अवकाश होता. मी फोन पिशवीत टाकला आणि म्हणाले, “माझी चूक झाली साहेब. गाडीतच ओळख झाली आमची.”

मग त्यांनी पासपोर्टवर नकाराचा शिक्का मारला आणि मला बाकड्यावर बसवलं, परतीची गाडी सुटेपर्यंत. समोरच्या काचेतून तुझी गाडी दिसत होती. तू खिडकीशी बसली होतीस. मान वळवली नाहीस. जेवणाची पुडीसुद्धा तुझ्याच पिशवीत गेली होती. कोंबडी आणि चिकट भात, मीच रांगेत उभी राहून घेतलेला. तो खाल्लास का ग?

तुला वाटलं असेल, रोकियाने बहिणीची अब्रू राखली. गैरसमज नको. मी तुझ्यासाठी गप्प राहिले नाही. त्या पोराने चौकशी सुरू केली असती, तर हॉटेलातून घरात आला असता, घरातून कागदांपर्यंत, आणि कागदांत एक जन्मदाखला आहे.

तो विषय काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसले होते. पण त्याला वळसा घालून हे पत्र पुढे सरकेना.

तेवीस वर्षांपूर्वी त्याच स्टेशनातून मी तुझ्याबरोबर पलीकडे गेले. माझ्या उसमानची बोट बुडून चार महिने झाले होते, मला नववा लागला होता. तुझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तुझी सासू दुसरी सून शोधत फिरत होती. तू माझे पाय धरलेस. तू मोठी असून. “बाळाला सगळं मिळेल रोकिया, शाळा, कागद, बाप. मोठं झालं की आपण दोघी मिळून सांगू.” मी हो म्हटलं. तेव्हा खिडकीत चष्मेवाल्या बाई होत्या. माझं पोट बघून त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. “कितवा?” म्हणाल्या. शिक्का मारताना म्हणाल्या, “सुखरूप सुटका होऊ दे.”

सुटका झाली, मुलगी झाली. सुईणीने दाखल्यावर आई म्हणून तुझं नाव सांगितलं. अठ्ठाविसाव्या दिवशी मी एकटी परत निघाले. छातीला लुंगीचं कापड करकचून बांधलं होतं, तरी गाडी येईपर्यंत झगा पुढून भिजला. खिडकीत त्याच बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं. “बाळ कुठंय?”

मी म्हणाले, “गेलं.”

त्या ‘इन्ना लिल्लाही’ पुटपुटल्या. खिडकीतून हात काढून माझ्या हातावर ठेवला. तेवढ्यावर मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मला वाटलं, त्यांना संशय येईल. मी म्हणाले, “बरंच झालं बाई. बापाविना कोण सांभाळणार होतं!”

त्यांनी हात काढून घेतला. शिक्का मारला आणि पुन्हा वर पाहिलं नाही.

हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या त्या वरच्या वाक्याचा एवढा राग मला का आला, ते आता तुला कळलं असेल. राग त्यामुळे कमी झालेला नाही. माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही.

सहा वर्षं तुझ्याकडे भांडी घासली, मावशी म्हणवून घेतलं, इझ्झातीच्या पानात वाढलं. तेवढ्यावर मी समाधानी होते. तिला न सांगताच मेले असते. पण तू वलीची गोष्ट काढलीस. ताई, तू मदरशात माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त शिकलीस. पाळणारा बाप निकाहात वली होऊ शकत नाही, हे तुला मी सांगायचं? बाप नाही, आजा नाही, भाऊ नाही, तर सख्खा चुलता. चुलता जिवंत आहे, माझ्या अंगणात बसून बिड्या ओढतो आहे. कागदावर झहारीभाऊजींचं नाव आहे म्हणून तिकडचे कचेरीवाले फसतील. पोर जन्मभर खोट्या निकाहात नांदेल, आणि ते माहीत असलेले आपण तिघं पंगतीत बिर्याणी वाढू. हे मात्र माझ्याने होणार नाही.

आता बातमी. गेल्या बुधवारी इझ्झाती इथे आली.

सुट्टीला कुठे जाते म्हणून तिने तुला सांगितलं असेल ते असो. एकटी गाडीने आली, गुडघ्यांना लावायला तेल घेऊन. “मावशी, बरे आहेत ना आता? आई म्हणाली, चालवतच नाही तुला.” मी डबा घेऊन भराभर विहिरीपर्यंत गेले, ती बघत राहिली.

तेव्हाही मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी भजी खाता खाता ती हसून सांगायला लागली, “आबा रोज आरशासमोर उभे राहून निकाहाचे शब्द पाठ करतात. तिसऱ्या शब्दाला अडखळतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी दाराआडून ऐकते.”

मी सांगून टाकलं. सगळं. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत.

ती रडली नाही. बराच वेळ तिने भज्यांच्या कागदाच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, “त्या बाईंना तू सांगितलंस की मी मेले?”

“हो.”

“बरं झालं, असंही म्हणालीस?”

“हो.”

“आणि आई म्हणाली, तू तिची कोणी नाहीस.”

“हो.”

“छान आहात दोघी,” ती म्हणाली आणि उठून हाजी दोलांच्या ओट्यावर जाऊन बसली. त्यांनी बिडी विझवली तेवढी. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. मी दोनदा पाणी नेलं, एकदा तिने घेतलं.

शुक्रवारी सकाळी तिने रिदवानला फोन केला. होणाऱ्या नवऱ्यापासून काही लपवायचं नाही म्हणाली. तासभर बोलत होती. मी चुलीपाशी बसून नुसती राख उकरत होते. तो नको म्हणाला असता तर दोष माझाच होता. तो नको म्हणाला नाही.

मग आत येऊन तिने आम्हाला सांगितलं, तू हॉटेलात ऑर्डर सांगतेस ना, त्याच आवाजात. बावीस तारखेला, गुरुवारी, निकाह सोंगखलाला. तिकडची कितीतरी जोडपी येतात तशी तीही येणार. वली हाजी दोला. चोवीसची पंगत तिकडे ठरल्याप्रमाणे. “कागद आहेत तसे राहू देत, त्यात माझी नोकरी आहे, घर आहे. निकाह मात्र खरा पाहिजे.” हाजी दोलांनी मान हलवली. मी काही बोलायला गेले तर हात वर केला. “आणि आई कोणाला म्हणायचं, ते मला इतक्यात विचारू नका. तू नाही आणि तीही नाही.”

तर तुम्हाला सगळ्यांना सकाळच्या गाडीने इकडे यावं लागेल, कारण मला तिकडे येता येत नाही. खिडकीवर विचारतील, कशासाठी चाललात. काय सांगायचं ते तू बघ, तुला सुचतं.

यायचं की नाही, तुझं तू ठरव. मी बोलावत नाही आणि अडवतही नाही. स्टेशनवर घ्यायला मी येणार नाही. पण झहारीभाऊजींना आण. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलंय, आरशासमोर उभं राहून शब्द पाठ केलेत. शब्द त्यांच्या तोंडचे नसले तरी पुढच्या रांगेत, हाजी दोलांच्या शेजारी, त्यांनीच बसायचं. तिनेच तसं सांगितलंय.

मी सकाळपासून तिथे असेन. मला काही आणू नकोस. कापड नको, भेटवस्तू नको. बोलायला जवळ आलीस तर उत्तर देईनच असं नाही. तुला मी माफ केलेलं नाही, आणि करायचं ठरवलं तरी मला वेळ लागेल.

हे पत्र इझ्झातीच घेऊन येते आहे. लिफाफा चिकटवलेला नाही. वाटेत तिने वाचलं का, हे मी विचारणार नाही. तुला धीर असेल तर तू विचार.

तुझी सख्खी बहीण,
रोकिया