बिनदोऱ्याची मशीन

३ जुलै
आज मशीन चाळीस मिनिटं चालवली. दोरा न ओवता! आई घरी शिलाईकाम करते, त्यामुळे मशीनच्या आवाजाचं कुणाला नवल नाही. बाबांचा हात उठला की मी पायडलवर पाय ठेवायचा — नऊ वर्षांची असताना आईनंच शिकवलं. भिंतीपलीकडच्या काकूंचे कान तिखट ना!

४ जुलै
काकू जिन्यात भेटल्या. "केवढं काम गं तुमच्याकडे! नशीब लागतं." मी हसले. मग स्वतःचाच राग आला.
बाबा दवाखान्यात कंपाउंडर आहेत. पेशंट म्हणतात, "हात किती हलका! सुई टोचलेली कळतसुद्धा नाही." आईला विचारा म्हणावं.

९ जुलै
काहीच झालं नाही. म्हणून जास्त भीती.

११ जुलै
आत्या आली होती. माझा हात धरून म्हणे, "बोटं थेट दादाची! पोरगी बापावर गेलीय." ती जाईपर्यंत मी हात मांडीखाली दाबून बसले.
गेले असेन तर बोटांपुरती! बाकीची मी माझी आहे.

१६ जुलै
लाज वाटतेय, तरी लिहिणार. धाकटीनं माझी वही कात्रीनं कापली आणि मी तिच्या कानाखाली वाजवली. ह्याच हातानं. सात वर्षांची पोर ती! रडली नाही. उठली, मशीनवर जाऊन बसली आणि पायडल मारायला लागली. पाय धड पुरतसुद्धा नाहीत तिचे.
माझं मारणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून!
मी खाली बसून तिचे पाय धरले. "थांब गं. परत नाही मारणार."
"बाबापण असंच म्हणतात," ती म्हणाली.

१७ जुलै
नाही म्हणजे नाही! मी बाबा होणार नाही. आणि धाकटीला 'मी' होऊ देणार नाही. मशीनचा चामडी पट्टा काढला — त्याच्याशिवाय चाक फिरत नाही — आणि कात्रीनं त्याचे चार तुकडे केले. आईचं एक दिवसाचं काम बुडेल. बुडू दे.

१८ जुलै
संध्याकाळी बाबांचा आवाज चढला. आईनं सवयीनं डोळ्यांनी मशीन दाखवली. मी जागची हलले नाही. पलीकडे सगळं ऐकू गेलं, सगळं! दारावरची बेल वाजली. बाबा म्हणाले, "कुणी उघडायचं नाही."
उघडलं. आईनं.