अडलेली पंगत

गुरु. १० एप्रिल
लेक वैशू एम.ए.ला निबंध लिहितेय, आधुनिक कथांमधल्या न जेवणाऱ्या माणसांवर. आज एक गोष्ट सांगितली. माणूस खोलीत बसून ताट परत पाठवतो. हळूहळू घरचेही बोलेनासे होतात. का जेवत नाही, लेखक सांगतच नाही.
म्हटलं, आपल्याकडे उलट. दामूला गावाने आधीच वाळीत टाकलंय. गावकीला न विचारता मुलीचं लग्न परजातीत लावलं म्हणून. लहानपणापासूनचा दोस्त माझा.
परवा मारुतीचा भंडारा. त्याला आवतण नाही.

शनि. १२
पंगतीत बसलो. पान वाढून घेतलं, हात लावला नाही. सगळ्यांचं झाल्याशिवाय आपली पंगत उठत नाही. लोकांचे उष्टे हात वाळले. पुढची पंगत ताटकळत उभी.
शेजारचा म्हणाला, "जेव ना रं! भात कच्चा हाय का?"
"दामूला बोलवा, जेवतो."
गावकीचे तात्या आले. "देवाचं अन्न नाकारतोस?"
"देवाचं हाय म्हणून तर. त्याने कोणाला वगळलं न्हाय."
वाद नको म्हणून शेवटी त्यांनीच पंगत उठवली. मी माझं पान झाकून, भर गावातून दामूकडे नेलं. दोघं त्याच पानात जेवलो. भात गार. इतका गोड कधी लागला नव्हता.

रवि. १३
आता मीही वाळीत. माझ्याशी बोलेल त्याला दंड. दुकानदाराने मान फिरवली.
बायको म्हणाली, "बसा आता भंडाऱ्याविना." पण हसली. सकाळीच दामूच्या बायकोला हाक मारून आली होती, मोठ्याने.
वैशू: "बाबा, तुमचं लिहू निबंधात?"
"नाव घालू नको."
घातलं तरी चालेल, असं मनात.

बुध. १६, संकष्टी
उपास. पहाटेच्या एसटीने पालीला जाऊन आलो. बल्लाळेश्वराकडे मागितलं काही नाही, झालं ते सांगितलं.
येताना तात्यांच्या अंगणात थांबलो. संकष्टी तेही करतात. म्हटलं, "चंद्रोदयाला उपास सोडायला आमच्याकडे या. दामू हाय."
ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. रस्त्याकडे पाहिलं.
"बघू," म्हणाले.
बोलले. वाळीतल्या माणसाशी, स्वतः तात्या.
बायको मोदक वळतेय. वैशू विचारते, तात्यांचं पान मांडायचं का?
मांड म्हटलं. दामूच्या शेजारी.