निळं वर्तुळ

४ डिसेंबर
आज आरोग्य उपकेंद्राचा ताबा घेतला. जळकोटपासून आत, रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा. आप्पा सोडायला आले होते. जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसानं माझ्या नावाच्या पाटीवरून दोनदा बोट फिरवलं. घरातली पहिली पदवीधर मी. खोली लहान आहे, पण खिडकी उगवतीला आहे. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या डॉप्लरमध्ये नवे सेल घातले. या गावात एकही बाई अज्ञानापायी दगावू द्यायची नाही, असं ठरवलंय.

११ डिसेंबर
अयोध्या तपासणीला आली. वय तेवीस, चौथा महिना. नवरा कृष्णराज ऑक्टोबरमध्ये हायवेवर ट्रकखाली गेला. कपाळ मोकळं, हात मोकळे. सोबत सासू, सत्यभामाकाकू. पोट मात्र सहा महिन्यांएवढं. जुळं हाय, असं बायका म्हणाल्या. बाळाचे ठोके एकशे अठ्ठेचाळीस. ऐकून ती हसली.

१३ डिसेंबर
सोलापूरला सोनोग्राफी झाली. बाळ एकच, निरोगी. शेजारी द्राक्षगर्भ, म्हणजे पाण्याच्या फुग्यांचे घोस, वाढतच जाणारे. डॉक्टर म्हणाले, दाखल राहा. रक्तदाब चढला तर आईला वाचवायला दोन्ही काढावी लागतील.
घरी येताच काकूंनी सुरू केलं, की हिनंच ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. मला राहवलं नाही. कागदावर दोन वर्तुळं काढली. बाळाचं निम्मं लाल, आईचं. निम्मं निळं, बापाचं. दुसरं, द्राक्षगर्भाचं, सगळं निळं. त्या बीजातून आईचा वाटा गळून गेला आणि बापाचाच दुप्पट झाला. त्यात अयोध्याचं काहीच नाही, मग दोष तिचा कसा?
काकूंनी खूप वेळ कागद पाहिला. म्हणाल्या, "म्हंजी ह्यो समदा माझा कृष्णाच की."
पटलं, असं मला वाटलं.

२१ डिसेंबर
दाखल केलंच नाही. माझा कागद देव्हाऱ्यात आहे, कृष्णराजच्या फोटोशेजारी.

२ जानेवारी
काकूंनी अयोध्याची ओटी भरली. कुंकू, हिरव्या बांगड्या. शेजारच्या तारामतीबाई दारातूनच म्हणाल्या, हे बरं न्हाय. काकू म्हणाल्या, नवरा घरात आल्यावर ती विधवा कशी? मी पुन्हा समजावलं: ती गाठ आहे, माणूस नाही. त्यांनी माझाच कागद पुढे धरला.
अयोध्या मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, दोन महिने मला कुणी पंगतीत बसवलं नव्हतं.

१९ जानेवारी
तिचे हात थरथरतात. डोळे बाहेर आलेत. पाय सुजलेत. रक्तदाब एकशेसाठ. दवाखान्याची गाडी बोलावली, अयोध्या चढली नाही. ऑपरेशनला बांगड्या उतरवतात, असं कुणीतरी सांगितलंय. खरं आहे, मीही हो म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं.

३० जानेवारी
खोकल्यात रक्त. घोस फुप्फुसापर्यंत गेले असावेत. काकू तिला कृष्णराजच्या ताटात वाढतात. डाव्या कुशीवर हात ठेवून अयोध्या म्हणाली, ह्या लेकराला मातर कुणी इचारत न्हाय.

७ फेब्रुवारी
वरिष्ठांना तिसरं पत्र. गाडी आली — दारात ट्रॅक्टर आडवा लावलेला. परत गेली.
अयोध्या आता घसा खाकरते. पुरुषासारखी. काकू आतून धावत येतात — व्हय राजा, आले —

९ फेब्रुवारी
बाळाचे ठोके नाहीत. तीनदा पाहिलं. डावीकडे काहीच नाही.
ती शुद्धीत नाही. काकूंनी बाहेरून कडी घातली आहे. गाडीला फोन केला — निघालीय म्हणतात —
डॉप्लर उजवीकडे सरकवला. घोसांच्या बाजूला. तिथे काही नसतं. तिथे —
ठोका आहे. संथ. बहात्तर. तिची नाडी माझ्या दुसऱ्या हातात आहे, एकशेतीस. मग हा बहात्तर —
मोठ्या माणसाचा.
डॉप्लर बंद केला. सेल काढून खाली ठेवले.
आवाज अजून